शाफ्ट एका दिवसात तुटत नाही : पिळाखाली पोलादाला तडा कसा जातो?



जालना जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत मृगाचा चांगला पाऊस झाला की वापसा येतो आणि तो फार दिवस टिकत नाही. ऊन पडले तर वरचा थर आवळतो, पुन्हा पाऊस झाला तर चिखल होतो. अशा मोजक्या दिवसांत रोटाव्हेटर चालू असताना ट्रॅक्टरमागचा शाफ्ट तुटला, तर नुकसान केवळ शाफ्टच्या किमतीचे होत नाही. पेरणी लांबते, मुगासारख्या कमी दिवसांच्या पिकाचा हंगाम हातचा जातो आणि भाड्याने ट्रॅक्टर चालविणाऱ्याची सगळी गिऱ्हाइके अडून बसतात. फिरता शाफ्ट तुटून उसळला तर जिवाशीही गाठ पडते.

शाफ्ट तुटला की बहुधा दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले, ‘दगड लागला आणि तुटला.’ दुसरे, ‘माल नरम होता, आता चांगला कडक पोलादाचा टाकू.’ पहिले वाक्य अर्धेच खरे असते. दगड हे शेवटचे निमित्त. शाफ्ट कित्येक दिवस आधीपासून आतून तुटत आलेला असतो. दुसरे वाक्य तर पुष्कळदा नवे नुकसान ओढवून घेते. असे का, हे समजून घेतले तर पुढचा शाफ्ट वाचविता येईल.

पीळ म्हणजे काय?

पी.टी.ओ. शाफ्टचे काम इंजिनाची शक्ती पिळाच्या रूपाने अवजारापर्यंत पोचविणे हे आहे. ट्रॅक्टरकडचे टोक फिरते, रोटाव्हेटरकडचे टोक जमिनीच्या विरोधामुळे मागे ओढते, आणि मधला शाफ्ट ओल्या धोतरासारखा पिळला जातो. पोलादाला हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

हिशेब सोपा आहे. ४० अश्वशक्ती मिनिटाला ५४० फेऱ्यांनी पोचवायची असेल, तर शाफ्टवर सुमारे ५३ किलो-मीटर पीळ येतो. म्हणजे एक मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला ५३ किलोचे पोते लटकविल्याइतका. हा पीळ शाफ्टच्या जाडीत सारखा वाटला जात नाही. शाफ्टच्या मध्यावर ताण शून्य असतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो. ३५ मि.मी. व्यासाच्या शाफ्टच्या पृष्ठभागावर वरील पिळामुळे दर चौरस मि.मी.ला सुमारे ६.३ किलो ताण येतो. दातेरी टोकाशी (स्प्लाइन) दातांच्या बुडाशी व्यास ३० मि.मी.च्या आसपास उरतो. तेथे तोच ताण सुमारे १० किलो होतो. व्यास एक सप्तमांश कमी झाला आणि ताण दीडपटीहून अधिक वाढला. कोपरा धारदार असेल तर त्या ठिकाणी तो आणखी दोन ते तीन पट होतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिळाचा सगळा भार पृष्ठभाग सोसतो, म्हणून पृष्ठभागावरचा लहानसा ओरखडा, खाच किंवा गंजाचा खड्डा हाच शाफ्टचा कच्चा दुवा ठरतो.

धातूलाही थकवा येतो

बांधायची तार हाताने ओढून तुटत नाही. तीच तार एका जागी मागे-पुढे वाकवीत राहिले की पाच-दहा खेपांत तुटते. एका वेळी लावलेला जोर थोडाच असतो, पण तो पुन्हा पुन्हा लावल्याने धातू थकतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

दि. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या रेल्वेचा आस मोडून भीषण अपघात झाला. त्या काळी पुष्कळांचा समज असा होता, की धक्के खाऊन खाऊन लोखंड आतून ‘दाणेदार’ होते आणि मग मोडते. आपल्याकडे आजही गॅरेजमध्ये तुटका तुकडा पाहून ‘लोखंड दाणेदार झालं’ असे म्हणतात. तो समज चुकीचा होता. पोलाद मुळातच स्फटिकांचे, म्हणजे दाण्यांचे बनलेले असते. तुटल्यावर ते दाणे दिसतात इतकेच.

पुढे जर्मनीतील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी १८५०-६० च्या दशकांत आसांना वाकवून, ओढून व पिळून पद्धतशीर चाचण्या घेतल्या. एका खेपेत पोलाद सहज सोसते असा ताणसुद्धा लाखो वेळा आला तर ते मोडते, हे त्यांनी दाखवून दिले. १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये युइंग व हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली लोखंडात तडा कसा जन्मतो हे पाहिले. दाण्यांमधील थर पत्त्यांच्या गड्डीसारखे एकमेकांवरून थोडे सरकतात. भार उलटला की ते पुरते मागे येत नाहीत. लाखो खेपांनंतर त्या जागी बारीक रेघा उमटतात, पुढे त्या रेघा खोल होतात, आणि तोच तडा.

पिळाखाली हे सरकणे दोन दिशांनी सर्वांत जोरात होते : शाफ्टच्या आडवे आणि शाफ्टच्या लांबीने उभे. म्हणून पिळाचा तडा सुरुवातीला आडवा किंवा उभा असतो. तो थोडा वाढला की त्याला फाकविणारा ताण ४५ अंशांच्या तिरप्या दिशेने मिळतो, आणि तडा वळून मळसूत्रासारखा शाफ्टभोवती चढू लागतो. खडूचा तुकडा दोन्ही हातांनी पिळून पाहावा. तो एकाच झटक्यात मोडतो, पण ज्या तिरप्या, मळसूत्री रेषेत मोडतो ती दिशा हीच.

कडक पोलाद कमी का सोसते?

लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा धार कडक होते, पण पाणी जास्त चढले तर पाते टवका उडून फुटते. शाफ्टच्या पोलादाचेही असेच आहे. साधे नरम पोलाद दर चौरस मि.मी.ला सुमारे ४० किलो ओढ सोसते. ईएन २४ सारखे मिश्र पोलाद योग्य उष्णता-प्रक्रियेनंतर १०० किलो किंवा त्याहून अधिक सोसते. कागदावर पाहिले तर अडीचपट मजबूत. थकव्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब पुरता लागू पडत नाही. त्याची कारणे दोन.

पहिले कारण खाचेचे. नरम पोलादात खाचेच्या टोकाशी ताण वाढला तर तेवढा भाग किंचित दबतो, पसरतो आणि ताण वाटून घेतो. कडक पोलाद असे दबत नाही. सगळा ताण खाचेच्या टोकाशीच साचतो. म्हणजे नरम पोलाद लेथवाल्याचा ओरखडा पोटात घालते, कडक पोलाद घालत नाही.

दुसरे कारण पोलादाच्या पोटातील मळाचे. पोलाद वितळवताना त्यात उरलेला प्राणवायू व गंधक यांच्यापासून अ‍ॅल्युमिना, मॅंगनीज सल्फाइड यांसारखे बारीक कण तयार होतात. हे कण बहुधा केसाच्या जाडीहूनही बारीक असतात. नरम पोलादात ते फारसा त्रास देत नाहीत. पोलाद गुळगुळीत असेल तर वाकण्याचा थकवा सोसण्याची त्याची शक्ती ओढ सोसण्याच्या शक्तीच्या साधारण निम्मी असते. ही निम्मेपणाची वाढ दर चौरस मि.मी.ला सुमारे १२० ते १४० किलोपर्यंतच भरवशाची असते. त्यापुढे कडकपणा वाढविला तरी थकवा-शक्ती तेवढी वाढत नाही, कारण आता तडा त्या मळाच्या कणापासूनच निघतो. अतिकडक पोलादाच्या चाचण्यांत एक कोटी खेपांनंतरही, पृष्ठभाग चांगला असताना, आतल्या कणापासून तडा निघाल्याचे आढळले आहे. पिळाखाली तर मुळातच ही शक्ती वाकण्याच्या सुमारे ६० टक्केच असते.

पिळात आणखी एक अडचण येते. पोलादाचा गज लाटला जातो तेव्हा मॅंगनीज सल्फाइडचे कण शेवयांसारखे लांबट होऊन गजाच्या लांबीने पसरतात. ओढीत त्यांचा त्रास कमी होतो. पिळात मात्र उभ्या दिशेनेही जोराचे सरकणे होते, आणि त्या शेवयांच्या रेषेत तडा सहज धरतो. तुराटी आडवी मोडायला जोर लागतो, पण उभी पटकन चिरते, तसेच हे.

जालन्याची सळई आणि शाफ्टचे पोलाद

जालना हे पोलादाचे गाव. येथील भट्ट्यांत व रोलिंग मिलमध्ये तयार होणारी बांधकामाची सळई दूरवर जाते. त्यामुळे आपल्याकडे सळईचे तुकडे मुबलक, आणि कोठे पिन म्हणून तर कोठे शिअर बोल्टच्या जागी सळईचा तुकडा ठोकलेला दिसतो. सळई काँक्रीटमध्ये ओढ सोसण्यासाठी बनविलेली असते. टीएमटी सळईचा बाहेरचा थर कडक व गाभा चिवट असतो, आणि काँक्रीट धरून राहावे म्हणून तिच्यावर उंचवटे असतात. काँक्रीटमध्ये हे उंचवटे गुणाचे. फिरत्या भागात प्रत्येक उंचवट्याचे बूड ही एक तयार खाच आहे. सळईत दोष आहे असे मुळीच नाही, तिचे काम वेगळे आहे.

शिअर बोल्टचे काम जाणूनबुजून तुटण्याचे आहे. दगड किंवा बुंधा अडकला की बोल्ट तुटावा आणि शाफ्ट, गिअर वाचावेत, ही योजना. बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८ असे आकडे कोरलेले असतात. ४.६ चा बोल्ट दर चौरस मि.मी.ला सुमारे ४० किलो ओढ सोसतो, ८.८ चा सुमारे ८० किलो. माहितीपुस्तिकेत ४.६ सांगितला असताना ‘सारखा तुटतो’ म्हणून ८.८ चा घातला, तर बोल्ट तुटायचा थांबतो आणि प्रत्येक धक्का शाफ्टच्या पृष्ठभागावर जातो. एफई ५०० सळई तर ५० किलोपर्यंत वाकतसुद्धा नाही. चार रुपये वाचवून शाफ्टचे आयुष्य विकण्याचा हा प्रकार आहे.

हेलकावे येतात कोठून?

थकवा स्थिर भाराने येत नाही, भाराच्या चढउताराने येतो. रोटाव्हेटरमध्ये हे हेलकावे प्रामुख्याने तीन ठिकाणांहून येतात.

(१) क्रॉसचा कोन : शाफ्ट क्रॉसपाशी वाकून फिरतो तेव्हा ट्रॅक्टरकडचे टोक एकसारखे ५४० फेऱ्यांनी फिरले, तरी पुढचा भाग एकसारखा फिरत नाही. कोन २० अंश असेल तर तो प्रत्येक फेरीत दोनदा ५०७ आणि ५७५ फेऱ्यांच्या वेगात हेलकावतो. दुसऱ्या टोकाच्या क्रॉसने हा हेलकावा नाहीसा व्हावा म्हणून मधल्या शाफ्टचे दोन्ही योक, म्हणजे दुबेळक्यासारखे काटे, एकाच पातळीत असावे लागतात आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असावे लागतात. चौकोनी किंवा दातेरी शाफ्ट ग्रीससाठी सोडून परत जोडताना योक ९० अंशांनी चुकले, तर हेलकावा जिरण्याऐवजी दुप्पट होतो. वेग ४७७ ते ६१२ च्या दरम्यान उसळतो. मिनिटाला १०८० म्हणजे तासाला ६४,८०० हेलकावे झाले. आठ तासांचे दोन दिवस काम केले की दहा लाखांचा टप्पा ओलांडला जातो.

(२) जमीन : रोटाव्हेटरची पाती एकामागून एक जमिनीत शिरतात आणि प्रत्येक पाते एक ठोका देते. वापशावर जमीन भुसभुशीत फुटते व ठोका सौम्य असतो. उन्हाळ्यात वाळलेल्या काळ्या जमिनीची ढेकळे विटेसारखी असतात, तर मुरमाड हलक्या रानात दगडगोटे लागतात. म्हणून वापशावर मशागत हा सल्ला पिकासाठी जितका मोलाचा तितकाच शाफ्टसाठीही आहे. जमीन फार वाळली असेल तर आधी नांगरट किंवा कल्टिव्हेटरची पाळी देऊन मग रोटाव्हेटर घालावा, आणि पहिल्या फेरीत खोली कमी ठेवावी.

(३) चालविण्याची सवय : क्लच एकदम सोडणे, पी.टी.ओ. चालू ठेवूनच बांधाजवळ रोटाव्हेटर उचलणे, पऱ्हाटी गुंडाळून रोटर अडला तरी तसाच रेटणे, यांमुळे काही क्षणांत नेहमीच्या कितीतरी पट पीळ येतो. उचललेल्या अवस्थेत क्रॉसचा कोन वाढतो, तेव्हा शाफ्ट फिरता असणे सर्वांत वाईट.

तुटलेला तुकडा वाचावा

शाफ्ट तुटला की तुकडे भंगारात टाकण्यापूर्वी तुटलेली तोंडे पुसून उन्हात नीट पाहावीत.

• काही भाग गुळगुळीत, झाडाच्या वर्तुळांसारख्या रेघा असलेला आणि उरलेला भाग खरबरीत, दाणेदार असेल, तर तो थकवा समजावा. वर्तुळे जेथून निघतात तेथे तडा जन्मला. त्या जागी खाच, गंज, वेल्डिंगचा थेंब किंवा लेथची रेघ सापडते का पाहावे.

• तडा खडूसारखा तिरपा, मळसूत्री गेला असेल, तर पिळाचा थकवा किंवा फार कडक पोलाद हे कारण संभवते.

• दातेरी टोकावर प्रत्येक दाताच्या बुडातून तडे निघून चांदणीसारखा आकार झाला असेल, तर पीळ दोन्ही दिशांनी उलटसुलट येत होता.

• दात वळलेले, पिळलेले दिसत असतील आणि तोंड सपाट असेल, तर एकाच जबर धक्क्याने तुटला. येथे शिअर बोल्ट किंवा स्लिप क्लच तपासावा.

• दातांच्या सांध्यात तांबूस भुकटी दिसली तर जोड ढिला होऊन घासतो आहे. अशा घासलेल्या जागी तडा लवकर धरतो.

कारण न शोधता नवा शाफ्ट टाकला तर तोही त्याच जागी तुटण्याची शक्यता असते.

घरच्या घरी तपासणी

इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. शाफ्ट सोडून डिझेलने धुवावा, तारेच्या ब्रशने गंज काढून कोरडा पुसावा. दातांची बुडे, चावीची खाच, पिनचे छिद्र, व्यास बदलतो तो खांदा, एवढ्या जागांवर रॉकेल किंवा डिझेल लावून १५-२० मिनिटे मुरू द्यावे. नंतर फडक्याने पूर्ण कोरडे पुसून खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर द्यावा. तो वाळला की लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत. तडा असेल तर आत शिरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्या थरावर काळपट रेघ उमटते. रेल्वेच्या आसांसाठी पूर्वी हीच रीत वापरीत. फार बारीक तडे या रीतीने सापडत नाहीत, म्हणून शंका असल्यास चांगल्या वर्कशॉपमध्ये चुंबकीय कणांची तपासणी करून घ्यावी. रेघ दिसलेला शाफ्ट परत वापरू नये.

हे करावे, हे टाळावे

१) शाफ्ट बदलताना अवजार कंपनीने सांगितलेलेच पोलाद व उष्णता-प्रक्रिया घ्यावी. केवळ ‘जास्त कडक’ म्हणून वेगळे पोलाद घेऊ नये.

२) लेथवर शाफ्ट करून घेताना खांद्याला काटकोन न ठेवता गोलाई देण्यास सांगावे, आणि पृष्ठभागावर हत्याराच्या रेघा राहू देऊ नयेत. पिळात आडवा ओरखडाही घातक आणि उभाही.

३) शाफ्टवर छिन्नीने खूण करू नये, घणाने ठोकून बसवू नये.

४) तुटलेला मिश्र पोलादाचा शाफ्ट साध्या वेल्डिंगने जोडू नये. वेल्डिंगशेजारचा भाग लवकर थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो आणि तेथेच पुन्हा तडा जातो.

५) योक एका पातळीत आहेत याची खात्री करून दोन्ही नळ्यांवर रंगाची खूण करून ठेवावी. क्रॉसला व सरकत्या भागाला ठरलेल्या तासांनी ग्रीस द्यावे.

६) शिअर बोल्ट पुस्तिकेत सांगितलेल्या आकड्याचाच वापरावा व दोन-चार बोल्ट ट्रॅक्टरवर जवळ ठेवावेत.

७) हंगाम संपला की शाफ्ट धुऊन, तेल लावून सावलीत ठेवावा. गंजाचा खड्डा ही तड्याची पेरणीच आहे.

८) शाफ्टवरचे संरक्षक कवच काढून टाकू नये. धोतर, उपरणे, साडीचा पदर किंवा ओढणी फिरत्या शाफ्टमध्ये गेली तर सावरायला वेळ मिळत नाही.

आपल्याकडे खंडेनवमीला अवजारे धुऊन त्यांची पूजा करतात. त्या सुमारास सोयाबीनची मळणी आणि रब्बीची मशागत तोंडावर आलेली असते. धुतलेल्या शाफ्टवर हळद-कुंकू वाहण्यापूर्वी खडूचा थर देऊन तडा तपासला, तर अर्ध्या तासात हंगामाची चिंता मिटते. मळणी यंत्राचा शाफ्टही त्याच दिवशी पाहून घ्यावा. अधिक माहितीसाठी खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्र किंवा परभणी येथील विद्यापीठाच्या कृषि अभियांत्रिकी महाविद्यालयाशी संपर्क साधावा, आणि जाताना तुटलेल्या शाफ्टचे दोन्ही तुकडे न घासता, कोरड्या फडक्यात गुंडाळून सोबत न्यावेत. शाफ्ट का तुटला याची खूण त्या तुकड्यांवरच असते.